बाबल तांडेलांचे एकशे बारा पॉइंट

बंदरावर मला सगळे मेस्त्री म्हणत. इंजिन खोलणारा मेस्त्री, होडीला फळी बसवणारा मेस्त्री, आणि ज्याच्या हाताला कधी वंगण लागलं नाही असा मीही मेस्त्रीच. मालवणात माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरपासून सुरुवात झाली, मग होडीवरचे वायरलेस आले, जीपीएस आले. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास कॉम्प्युटर गावोगाव पोचायला लागल्यावर एक असं काम माझ्या गळ्यात पडलं की त्याचं नाव मला बायकोलाही धड सांगता येईना. ती पाहुण्यांना सांगायची, "हे वायरी जोडतात." पुढची बारा वर्षं मी वायरी जोडल्या. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

काम तसं साधं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे तेव्हा नऊ पिनांचं एक तोंड असायचं, त्याला सिरीयल पोर्ट म्हणत. वजनकाटा, जीपीएस, दवाखान्यातलं रक्त तपासायचं यंत्र, काहीही त्याला जोडता यायचं. पण वायर जोडली म्हणजे बोलणं सुरू झालं असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चौकट उघडून चार गोष्टी ठरवून द्याव्या लागत. किती वेगाने बोलायचं, एका अक्षराला ठोके किती (सात की आठ), एकी की बेकी, आणि अक्षर संपल्यावर किती थांबायचं. या चारही गोष्टी दोन्हीकडे सारख्या असल्या की गप्पा सुरू. एक जरी चुकली तरी पडद्यावर कचरा: चौकोन, तुटक्या रेघा, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. गिऱ्हाईक म्हणायचं, व्हायरस आला. मी म्हणायचो, व्हायरस नाही, दोघांचं आपसात काही ठरलेलंच नाही.

यातली एकी-बेकी म्हणजे आपण लहानपणी मुठीत चिंचोके धरून खेळायचो तीच: एकी विषम, बेकी सम. अक्षरातले वाजलेले ठोके यंत्र मोजतं. बेकी ठरलेली असेल आणि ठोके विषम भरले, तर स्वतःच्या पदरचा एक ठोका जोडून ते सम करतं आणि मग पाठवतं. वाटेत एखादा ठोका हरवला तर पलीकडच्याला कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. पलीकडच्याला मात्र एकी-बेकीचं ठाऊकच नसेल, तर ज्या आकड्यांना जोडठोका लागला तेवढे बिघडून दिसतात आणि बाकीचे शाबूत राहतात. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मला हे पुस्तकातून कळलं नाही, काजू सोलणाऱ्या बायकांनी शिकवलं.

दोडामार्गाच्या बाजूला एक काजूचा कारखाना होता. सोललेल्या काजूची टोपली बाईने काट्यावर ठेवायची आणि वजन वायरीतून थेट कॉम्प्युटरात जायचं, अशी व्यवस्था. मला बोलावलं होतं दुसऱ्याच कामासाठी, प्रिंटर चालत नव्हता म्हणून. तिथे बसल्या बसल्या मी पाहिलं की प्रत्येक बाई काट्यावर टोपली ठेवते, आकडा बघते, मग मूठभर काजू काढते, दोन परत टाकते, एक काढते, आणि मान हलवून पुढे होते. मी मुकादमबाईंना विचारलं, हे काय चाललंय. त्या अगदी सहज म्हणाल्या, "ह्या मशिनाक एक, दोन, चार, सात आनि आठ चलनत नाय. मगे आमी तेका चलतत तेच आकडे दितंव."

गेले सहा महिने हे असंच चालू होतं. काटा सात ठोके आणि बेकीने बोलत होता, कॉम्प्युटर आठ ठोक्यांनी ऐकत होता, त्यामुळे शून्य, तीन, पाच, सहा आणि नऊ तेवढे नीट उमटायचे. त्यावर मालकाने कुणाला विचारलं नाही, कारकुनाने चौकट उघडून पाहिली नाही, पण त्या बायांनी मुठीने काजू तोलून यंत्राची आवडनिवड सांभाळली होती. मी चौकटीत दोन खुणा बदलल्या आणि सगळे आकडे उमटायला लागले. मला वाटलं, बाया खूश होतील. एकजण जरा नाराजीनेच म्हणाली, "आता कायव खाता मां ह्या." त्यांचं कसब वाया गेलं होतं. मला त्या दिवशी स्वतःच्या शिक्षणाची थोडी लाज वाटली हे कबूल करतो.

आता बाबल तांडेलांबद्दल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, ज्याच्या शब्दावर चार खलाशी समुद्रात जातात. बाबल तांडेल बुटके, रुंद खांद्यांचे, आणि बोलणं असं की मोजून आणल्यासारखं. ते गरीची, म्हणजे गळाची, मासेमारी करायचे. आमच्या समुद्रात पाण्याखाली खडपं आहेत, म्हणजे बुडालेले कातळ. तांबोसा आणि असले मोठे मासे त्या खडपांच्या आसऱ्याला राहतात. खडप वरून दिसत नाही. जुने लोक ते जमिनीवरच्या खुणांवरून ओळखत: अमुक झाड तमुक टेकाडाच्या कुशीत आलं, आणि दुसऱ्या बाजूला अमुक कळस तमुक माडाच्या रेषेत आला, की खाली खडप. या खुणा म्हणजे तांडेलाची जन्माची कमाई. त्या कुणाला सांगायच्या नसतात. स्वतःचा हात थरथरायला लागला की मुलाला होडीत बसवून दाखवायच्या, एवढीच रीत.

आणखी एक रीत होती. होडीवर बाहेरचा माणूस असला, तर खडप आलं की त्याने जमिनीकडे पाठ फिरवून बसायचं. यात अपमान कुणी मानत नसे. नव्व्याण्णव साली बाबल तांडेलांनी पहिला जीपीएस घेतला तेव्हा तो बसवायला मी त्यांच्याबरोबर समुद्रात गेलो होतो. चांगले दोन तास गेल्यावर त्यांनी इंजिन मंद केलं आणि मला म्हणाले, "मेस्त्री, फीर." मी फिरलो. समोर नुसतं पाणी. पाठीमागे ते विचारत होते, खंयचा बटन, आणि मी पाण्याकडे बघत सांगत होतो, डावीकडचं, लाल नव्हे, त्याच्या शेजारचं. मग यंत्राचा टुक् असा आवाज आला. त्यांचा पहिला पॉइंट, म्हणजे खडपाच्या जागेची यंत्रातली नोंद, असा लागला. खलाशी गालातल्या गालात हसत होते.

आठवड्याने ते दुकानात आले. यंत्र त्यांना पटलं होतं, पण एक घोर लागला होता. कुणी जीपीएसची पेटी उसनी नेली आणि वायर लावून सगळे पॉइंट उतरवून घेतले तर? तसं दुसऱ्या एका बंदरावर झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

"ह्या पेटयेक कुलूप घाल," ते म्हणाले.

त्या यंत्रात कुलपाची सोय नव्हती. पण मी तेव्हा नवा शहाणा होतो. म्हटलं, वायरीचं बोलणंच असं वाकडं करून ठेवतो की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला कचऱ्याशिवाय काही दिसणार नाही. नेहमीचे आकडे काढून वेगळेच घातले. घालताना कुठले घालू ते गंमत म्हणून त्यांनाही विचारलं. ते गेल्यावर मी सवयीने वही ओढली, तर पायरीवरून परत फिरले. "लिवन ठेव नको. लिवलेला कोणय वाचता." मी वही मिटली आणि त्यांच्या विश्वासाचा मला अभिमान वाटला. कामाच्या माणसाने वही मिटायची नसते, हे कळायला मला आठ वर्षं लागली.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात बाबल तांडेलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांचा एकुलता मुलगा दिनेश विसाव्या वर्षी बापाशी भांडून वास्कोला गेला होता. मासे मारायचे नाहीत, इंजिनं दुरुस्त करायची, असं त्याचं म्हणणं होतं. बाप-लेक दहा वर्षं एका होडीत बसले नव्हते, त्यामुळे खुणा दाखवायचं राहूनच गेलं होतं. आता तो नोकरी सोडून परत आला होता. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे होते. जुन्या खलाशांनी त्याला सरळ सांगितलं की तुझ्याबरोबर येऊ, पण जायचं कुठे ते तुला ठाऊक पाहिजे, नाहीतर दुसऱ्या होड्या आहेत. कुठे जायचं ते एका पेटीत होतं, आणि पेटीचा पडदा खाऱ्या हवेने काळाठिक्कर पडला होता.

दिनेश पेटी घेऊन दुकानात आला तो मोठ्या बॅटरीसकट, वायर जोडलेलीच. आतला बारका सेल मेला होता, त्यामुळे बाहेरचा करंट तुटला की आठवण पुसली जाणार. पेटी खोलून पडदा बदलायचीही सोय नव्हती. सलाइन लावलेला पेशंट रिक्षातून आणावा तसं त्याने ते ओझं आणलं होतं. मी छाती पुढे काढून म्हटलं, पडदा कशाला हवा, वायर आहे ना, तासाभरात सगळी यादी कॉम्प्युटरात घेतो. वायर जोडली, चौकटीत नेहमीचे आकडे घातले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कचरा.

तेव्हा मला आठवलं. ते माझंच कुलूप होतं. काय घातलं होतं ते काही केल्या आठवेना. मी दिनेशला जसं होतं तसं सांगितलं. तो स्टुलावर बसला आणि बॅटरीची वायर चाचपू लागला.

"म्हणजे कुलूप तुमीच घातल्यात, आनि चावी तुमच्याकडे नाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी चहा सांगितला आणि एकेक वेग बदलत बसलो. बाकीच्या तीन गोष्टींना हात लावायचा नाही, आधी फक्त वेग. वेग चुकीचा असला की सगळाच कचरा दिसतो, वेग बरोबर असला आणि बाकी काही चुकलं असलं तर निदान काही आकडे ओळखू येतात. नेहमीच्या वेगापासून वर चढत गेलो, काही नाही. मग खाली उतरलो. खालून दुसऱ्या पायरीवर कचऱ्यात मधूनच चारचा आकडा दिसला. मग सात. मग एक, दोन, आठ. शून्य, तीन, पाच, सहा, नऊ यांच्या जागी टिंबं आणि टोप्या.

मी मोठ्याने हसलो तेव्हा दिनेशला वाटलं असणार की मेस्त्र्याचं डोकं फिरलं. पण काजूच्या कारखान्यात एक, दोन, चार, सात, आठ हेच बिघडत होते आणि बाकीचे शाबूत होते. इथे बरोब्बर उलट. तिथे बेकी होती, म्हणजे इथे एकी. चौकटीत सात ठोके आणि एकी घातली, आणि पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. मग सगळं आठवलं. मी गमतीने विचारलं होतं, भरभर बोलू दे की सावकाश, आणि तांडेल म्हणाले होते, सावकाश बोलांदे. एकी की बेकी विचारल्यावर विचार न करता म्हणाले होते, एकी. इतकं सोपं होतं. ते बोलू शकत असते तर दोन शब्दांत काम झालं असतं.

यादी मागवली. त्या वेगाने एकेक ओळ दमादमाने येत होती आणि दिनेश ओठातल्या ओठात मोजत होता. एकशे बारा पॉइंट आले. मी ते दोन फ्लॉपींवर घेतले, तिसरी प्रत कागदावर काढली, आणि मगच श्वास सोडला. नंतर ऐटीत नकाशाचं सॉफ्टवेअर उघडून सगळे पॉइंट त्यावर टाकले.

एकही पॉइंट समुद्रात पडला नाही. एकशे बाराच्या एकशे बारा जमिनीवर. समुद्रापासून चांगल्या आत असलेल्या पिंगुळीची भातशेतं, आजूबाजूचे काजूचे मळे, एक तर थेट कुणाच्या तरी विहिरीजवळ. मला वाटलं, येताना आकडे बिघडले. पुन्हा मागवले, तेच आले. तिसऱ्यांदा तेच. आणि एकी चोख जुळत होती, एकही ठोका वाटेत हरवला नव्हता. म्हणजे यंत्र खरंच बोलत होतं. यंत्राला खोटं सांगितलं होतं ते बाबल तांडेलांनी. प्रत्येक पॉइंट लावल्यावर त्यांनी आकडा हाताने बदलून ठेवला होता. माझ्या कुलपावर त्यांचा विश्वास नव्हताच, आत त्यांनी स्वतःचं दुसरं कुलूप घातलं होतं.

निदान एक पॉइंट खरा कुठे आहे ते कळलं असतं तर फरक काढता आला असता. पहिल्या पॉइंटच्या वेळी मी होडीवर होतो, पण पाठ फिरवून.

दिनेश कागदाची घडी घालत म्हणाला, "बाबांका माका देवचेच नव्हते." या धंद्यात मी पुष्कळ यंत्रं मेलेली पाहिली, पण त्या पोराचा चेहरा बघून जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नाही.

संध्याकाळी दोघे त्यांच्या घरी गेलो. बाबल तांडेल पडवीत खाटेवर उशांना टेकून होते. बायको, शेवंतीकाकी, बाजारातून येऊन मासळीची पाटी धूत होत्या. मी तांडेलांच्या हातात कागद दिला आणि सांगितलं की तुमचे सगळे पॉइंट पिंगुळीच्या भातात उगवलेत. ते क्षणभर बघत राहिले आणि मग अर्ध्या तोंडाने हसले. खांदे हलेपर्यंत हसले. आठ वर्षं कुणाला न सांगितलेला विनोद अखेर कुणीतरी ऐकला होता.

हसू ओसरल्यावर त्यांची नजर दिनेशवर गेली आणि तिथेच थांबली. दिनेश खाली बघत होता. शेवंतीकाकींनी पाटी उपडी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तेका नाय तर आता कोणाक देतल्यात?"

मला वाटलं, हा आपला विषय नाही. म्हटलं, तांडेलांनू, तुमी तेका दाखवा, मी बाहेर बघतो. आणि जुन्या सवयीने उठून पडवीच्या कठड्याशी गेलो, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. समोर खळ्यात त्यांची होडी माडाच्या झापांखाली झाकून ठेवली होती. पाठीमागे कागद सळसळला. मग खाट करकरली. मग दिनेशचा आवाज, कळलां बाबा, कळलां.

आणि मग खाटेच्या लाकडावर ठकठक. मला वाटलं, पाणी हवं असेल. पुन्हा ठकठक, जरा जोरात.

"मेस्त्री, तुमका बोलावतत," काकी म्हणाल्या. "फिरा म्हणतत."

मी फिरलो. बाबल तांडेल माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात उचलला, दोन बोटं दाखवली, आणि तो हात हळूच समुद्राच्या दिशेला सरकवला. मी नीट पाहिलं की नाही याची खात्री होईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.

रेखांशाच्या अंशापुढे जी मिनिटं येतात त्यांच्या पहिल्या आकड्यात दोन वाढवायचे, एवढंच त्यांचं कुलूप. समुद्रात जाताना ते दोन मनात वजा करून होडी हाकायचे. मी दुसऱ्या दिवशी एकशे बाराच्या एकशे बारा पॉइंटमधून दोन वजा केले आणि नव्या जीपीएसमध्ये भरले. वायर जोडताना चौकटीत आकडे नेहमीचेच ठेवले. दिनेशसमोर फ्लॉपी मोडल्या, कॉम्प्युटरातली यादी पुसली. या खेपेला लिहून न ठेवण्याचा मला पश्चात्ताप झाला नाही.

पौर्णिमेनंतर चाचणीसाठी मी त्यांच्या होडीवर गेलो. जुने चारही खलाशी होते. दोन तासांनी नवं यंत्र वाजलं: पहिला पॉइंट. दिनेशने इंजिन मंद केलं आणि मी आपला मुकाट्याने जमिनीकडे पाठ करून बसलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबांनी तुमका फिरूक सांगल्यानी मां? मगे बघा."

मी बघितलं. आठ वर्षांपूर्वी ज्या जागेवर बसून मी नुसतं पाणी पाहिलं होतं, तिथून सगळा किनारा दिसत होता, आणि एक झाड एका टेकाडाच्या कुशीत असं चपखल बसलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. खलाशांनी गरी सोडल्या. थोड्या वेळाने पहिला तांबोसा वर आला. तो दिनेशने मला दिला नाही, पाटीत बाजूला ठेवला. बाबांना दाखवायचा होता.

बाबल तांडेल त्यानंतर दोन वर्षांनी गेले. दिनेशची होडी अजून जाते. नऊ पिनांचं तोंड आता नव्या कॉम्प्युटरांना नसतंच, आणि एकी-बेकी विचारणारंही कुणी उरलं नाही.

हे ज्या अंकात छापून येईल तो बंदरावरही जातो, हे मला ठाऊक आहे, आणि एव्हाना कुणीतरी खडपांचा हिशेब मांडायला पेन्सिल घेऊन बसलं असेल. म्हणून सांगून ठेवतो. बोटं दोन होती असं मी लिहिलंय खरं. ती दोन नव्हती. आणि भातशेतंही पिंगुळीची नव्हती.